तीन टिंबं

चनबसव्वाच्या सुनेचं जोडवं हरवलं
खुरपताना, तुरीच्या तिसऱ्या की चौथ्या काकरीत.
चांदीचं, माहेरचं. म्हणून मला बोलावणं आलं,
कारण हैदराबाद रोडला पार तांदुळवाडीपर्यंत
जमिनीला कान लावायचं यंत्र माझ्या एकट्याकडं आहे
आणि मी तासाचे पैसे घेत नाही,
जाता-येताचं पेट्रोल घेतो.

लोखंड असलं की यंत्र घोगरं बोलतं,
रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखं.
चांदी, तांबं असलं की बारीक, वर चढणारा सूर.
चौथ्या काकरीत तो सूर लागला
आणि सून बांधावरून अनवाणी धावत आली.

वीतभर खाली निघालं ते जोडवं नव्हतं.
तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा, बाकदार,
एका कडेला तांब्याची पट्टी, हिरवी पडलेली.
तांब्यानं फसवलं.

"फाळ हाय नांगराचा," सून म्हणाली.
"गिरणीच्या बॉयलरचं असंल," दीर म्हणाला.
त्याला सगळं गिरणीचंच वाटतं,
बापाची ग्रॅच्युइटी अजून यायचीय.

मी थुंकी लावून माती पुसली.
बाहेरून पोलादावर बारीक रेघा, अजून जिवंत.
कुणीतरी माझ्यासारख्यानंच कुठल्याशा लेथवर
फीड न चुकवता केलेलं काम.
शिफ्ट संपल्यावर त्यानं हात कशानं धुतले असतील?
कडा मात्र फाटलेल्या.
बीड तुटतं. हे तुटलं नव्हतं,
ओलं धोतर टराटरा फाडावं तसं फाटलं होतं.

आणि पट्टीवर तिरके खाचे.
ते लेथचे नव्हेत, तोफेच्या नळीचे.
म्हणजे हा गोळा गाडीतून सांडलेला नव्हे.
गरगरत निघाला होता
आणि इथं, तुरीत, संपला.

आत बोट फिरवून पाहिलं. फक्त माती.
मागं एका खाणीत अख्खा सापडला होता, टोकाच्या पेचासकट.
तेव्हा बोटसुद्धा लावलं नाही,
भोवती दगड मांडून पोलिसांना फोन केला.
हवालदारानं आधी विचारलं,
"तुला खणायला कुणी सांगितलं?"

नातवाच्या चौकटीच्या वहीत तुकडा ठेवून
पेन्सिल फिरवली. एवढीशी कमान.
तिच्यावर तीन टिंबं द्यायची,
दोन जीवा ओढायच्या, दोन्हींच्या मधोमध लंब.
लंब भेटतील तिथं मध्य.
गुंडेटी उस्तादांनी शिकवलेलं, मी सोळाचा असताना,
फुटक्या पुलीवरून नवी पुली काढायला.
वर्तुळ पुरं झालं. व्यास मोजला.
सत्त्याऐंशी, फार तर अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर.
"पंचवीस पौंडी तोफेचा दिसतोय," मी म्हणालो.
"म्हंजे किलो किती?" नातवानं विचारलं.

चनबसव्वा तोवर शेंगा फोडत गप्प होती.
मग वर न बघता म्हणाली,
"आमची अव्वा सांगायची. रणगाडे नळदुर्गाकडं गेले
तवा अंगणात मूग वाळत घातलावता.
सगळा धुरळा त्याच्यावर.
म्हैस आठ दिस आटली.
आन् पल्याडच्या वस्तीवरचा सिद्राम
रेडकू हुडकायला गेलावता."

पुढं ती बोलली नाही.
शेंगा फुटत राहिल्या.
मी वहीतल्या वर्तुळाकडं बघत बसलो.
किती रुंद, किती जाड, कुठल्या नळीतून, सगळं निघतं.
त्या दिवशी जवळ कोण उभं होतं
ते तीन टिंबांतून निघत नाही.

तुकडा मी ठाण्यात देणार होतो.
तिनं आधी हातात घेतला, खालीवर झुलवला,
बाजारात वांगी विकणाऱ्या बाईचा हात,
"पाऊण किलोला थोडं कमी," म्हणाली
आणि परत दिला.
घरी काट्यावर ठेवला. सातशे दहा ग्रॅम.

पण ते नंतर.
ऊन कलायच्या आत पाचवी काकरी धरली,
जोडवं तर अजून मातीतच होतं.
अर्ध्यात गेल्यावर पुन्हा तोच सूर,
बारीक, वर चढणारा.
सून बांधावर उठून उभी राहिली.
या वेळी ती धावली नाही.